चाळीस गुळगुळीत, एक खडबडीत

४ फेब्रुवारी

खारू,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकली. न फोडताच टोपलीत टाकलं असशील तर हे वाक्य कुणीच वाचत नाहीये, मग माझं तरी काय जातंय?

पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस. बारा वर्षं मी मागत होतो आणि बारा वर्षं ती "तिला विचारून सांगते" म्हणत होती. परवा एकदम फोनवर म्हणाली, "मी आता ऐंशीची झाले. तुम्हा भावंडांचे निरोप पोचवायला किती दिवस जिवंत राहू? घे हा पत्ता. काय घालायचा तो गोंधळ घाला."

लिहायचं कारण असं की दगड पॉलिश करायचं आपलं मशीन पुन्हा चालू केलंय. मी निवृत्त झालो. छत्तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आता घरात बसून तुझ्या वहिनीच्या डोक्यावर मिऱ्या वाटतो. ती डाळीचे डबे कसे लावते त्यातसुद्धा मी सुधारणा सुचवायला लागलो, तेव्हा तिने मागच्या खोलीत जाऊन मशीनवरची चादर ओढून काढली. म्हणाली, "अहो, एक तर हे चालवा, नाहीतर भंगारात द्या. पण माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका."

मोटर ठणठणीत आहे. जुन्या वॉशिंग मशीनची, तिला काय धाड भरलीय! पट्टा मात्र कडक होऊन तडकला होता, तो बदलला. रबरी पिंपाच्या तळाशी राखाडी गाळ वाळून चिकटला होता. शेवटच्या वेळचा. तो खरवडताना अर्धा तास गेला.

दगड नवीन आणलेत. गावाबाहेर पुलाचे खांब रोवायला नदीकाठ खणलाय, तिथे खड्यांचा डोंगर पडलाय. लाल जास्पर भरपूर, थोडे पिवळे, दोन हिरवे लाल ठिपक्यांचे, आणि अकीक म्हणशील तर सहा-सात, बरे पट्टे असलेले. तुझी वहिनी एकेक उचलून "हा?" विचारते, मी "नाही" म्हटलं की मुकाट्याने पर्समध्ये टाकते. घरी आल्यावर पर्सचा बंद तुटला.

आता मुद्द्याचं. बारा वर्षांपूर्वीचं एकदा स्पष्ट सांगून टाकतो. आई जाऊन दोन महिने झाले होते. तू यायची होतीस, तिच्या वस्तू वाटून घ्यायला. तुला आनंद व्हावा म्हणून मी दगड पॉलिश करून ठेवले. ते आईच्या डब्यातले आहेत हे माझ्या लक्षात आलं नाही. माझा चष्मा तेव्हा तुटला होता. मला वाटलं, पॉलिशसाठी काढून ठेवलेले साधे कच्चे दगड. त्यांच्यावर आईने लिहिलेलं होतं ते मला दिसलंच नाही. चूक झाली, पण चूकच झाली. एवढंच.

दादा


१५ फेब्रुवारी

खारू,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण पत्र परत आलं नाही, ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही.

काल पहिली पायरी संपली. अकरा दिवस पिंपात दगड, पाणी आणि घासायची जाड पावडर फिरत होती. खालच्या मजल्यावरचे मास्तर येऊन गेले. म्हणाले, "तुमच्याकडे कुणीतरी रात्रंदिवस दात खातंय." दगड दाखवले तर तासभर बसले आणि जाताना एक पिवळा मागून ठेवला, तयार झाला की द्या म्हणून.

गाळ मी मागच्या अंगणात खड्डा करून ओतला. मोरीत नाही. आठवतं ना, पहिल्या वर्षी मी मोरीत ओतला होता आणि चार दिवसांनी प्लंबरने पाइप कापून बघितला? "साहेब, तुम्ही आत स्लॅब टाकलाय." आई पदर तोंडाला लावून हसत होती आणि बाबा तिला म्हणत होते, "हस, हस, तुझ्याच पोराने टाकलाय."

कडा गोल झाल्यात. दोन दगड फुटले, तीन भेगाळलेले निघाले, ते बाजूला काढले. बाकीचे मधल्या पावडरीत घातले. भेगेचा दगड आत राहिला तर त्याचा टवका पडून बाकीच्यांना ओरबाडतो, हे मी तुला शिकवलं होतं की तू मला, यावर आपलं भांडण झालं होतं. तूच शिकवलं होतंस. आता कबूल करतो.

खरं तर हा नाद आईचा. दवाखान्यात दिवसभर बाटल्यांवर लेबलं लिहायची, "जेवणानंतर दोन चमचे, हलवून घेणे", आणि सुट्टीला आपल्याला घेऊन नदीवर. तुला सांगायची गरज नाही, पण मला लिहायला बरं वाटतं, म्हणून ऐक. घरी आल्यावर ती त्या दिवसाचा एकच दगड निवडायची. त्याच्या पाठीवर नखाएवढा पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायची. वाळला की त्यावर बारीक टाकाने तारीख, कुणी शोधला ते, आणि एखादं वाक्य. वरून नेलपॉलिशचा हात. तो दगड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचा. बाकीचे दगड पिंपात घाला, विका, डोक्यात घाला, पण डब्यातला दगड पिंपात जाणार नाही, असा तिचा नियम. बोट दाखवून सांगायची.

काल दगड धुताना एक लाल हातात आला, थेट तुझ्या त्या मोठ्या लालसारखा. "खारू. हट्टाने पाण्यात उतरली, चप्पल गेली." ती चप्पल शोधायला मी अर्धा मैल काठाने पळालो होतो. मिळाली नाहीच. तू मात्र दगड छातीशी धरून मला सांगत होतीस, "दादा, चपला दुकानात मिळतात."

तुझी वहिनी आठवण काढते. मुलगी किती मोठी झाली?

दादा


२४ फेब्रुवारी

खारू,

मावशीचा फोन आला. "तुझ्या बहिणीने एक प्रश्न विचारलाय, जसाच्या तसा सांगते," म्हणाली आणि खाकरून वाचून दाखवला: "चष्मा तुटला होता, तर चपलेचं वाक्य कुठे वाचलं?"

बारा वर्षांनी पहिलं वाक्य आलं तुझं, आणि ते असं! चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात, तशा भावाच्या थापा बहिणीला. लहानपणीही मी शाळा बुडवली की तू फक्त माझ्या बुटांकडे बघायचीस.

मावशीला म्हटलं, आई मला वाचून दाखवायची म्हणून आठवतंय. मावशी म्हणाली, "मला कशाला सांगतोस, मी पोस्टमन." आणि फोन ठेवला.

बरं. चष्मा शाबूत होता. डबा मी ओळखला होता. बिस्किटांच्या डब्यावरचं ते झिजलेलं जहाज आंधळासुद्धा ओळखेल. लिहिलेलंही दिसलं. पण मला खरंच वाटलं, वर नेलपॉलिश आहे, तिच्या आत अक्षर टिकेल. दगड चकचकीत होतील आणि पाठीवर आईचं अक्षर तसंच. तुला ताटलीत सजवून द्यायचे, असा बेत होता.

एवढंच होतं. यापुढे विचारू नकोस.

बारीक पावडर चालू आहे. पिंपाचा आवाज आता मऊ झालाय, नुसती सळसळ. तुझी वहिनी म्हणते या आवाजात तिला दुपारची छान झोप लागते.

दादा


९ मार्च

खारू,

सगळा घाणा बिघडला.

आज पॉलिशची पायरी उघडली. दगड धुऊन टॉवेलवर पसरले आणि खिडकीशी नेले, तर एकालाही तकाकी नाही. भिंगातून बघितलं. प्रत्येकावर केसाएवढे ओरखडे. जाड पावडरीचे. चार पायऱ्यांमधून मी पिंप घासूनपुसून काढलं होतं, गरम पाण्याने, ब्रशने, दोनदोनदा. मी डोक्याला हात लावून बसलो. तुझी वहिनी आली, बघितलं, आणि म्हणाली, "झाकणाची खाच धुतली होती का?"

नव्हती धुतली. रबराच्या त्या खाचेत पहिल्या दिवसाची पावडर बसली होती, चिमूटभरसुद्धा नाही. तेवढ्याने पाच आठवडे पाण्यात गेले.

ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "तिला पत्र लिहिता ते मी वाचत नाही. पण पाकीट बंद करताना तुमचा चेहरा बघते. खोटं लिहिताय ना?" एवढं बोलून भाजी निवडायला निघून गेली.

तर ऐक आता. मधे थांबू नकोस.

जी पावडर दगड खाते ती नेलपॉलिश ठेवेल, असं कुठल्या मेकॅनिकला वाटेल? मला माहीत होतं. पहिल्या दोन तासांत अक्षर जाणार हे मला पिंपाचं झाकण लावताना माहीत होतं.

आई गेली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी तो डबा पहिल्यांदा पूर्ण रिकामा केला. दुपारची वेळ होती, वहिनी बँकेत गेली होती. एकेक दगड उलटा करून वाचत गेलो. खारू. खारू. खारू. खारूने ओळखला, मी फेकणार होते. खारूचा वाढदिवस. खारू रुसली, दगड पाहून हसली. एकेचाळीस दगड, खारू, त्यातले चाळीस तुझे.

तू वर्षातून दोनदा यायचीस. चार दिवस. आई आठवडाभर आधीपासून दाराकडे बघायची. मी रोज होतो. शेवटची चार वर्षं तिला आंघोळ मी आणि तुझी वहिनी घालायचो. तिची नखं मी कापायचो, गोळ्या मी भरवायचो, आणि माझ्या हातून पाणी पिता पिता ती विचारायची, "खारू कधी येणार रे?" मी तेव्हा रागावलो नाही. मला वाटलं मी रागावलेलो नाही. तो डबा वाचला आणि सगळं एकदम वर आलं. मोठा भाऊ म्हणवून घ्यायची लाज वाटावी इतका मी तुझा हेवा केला. पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि आईने कुणाचं नाव जास्त वेळा लिहिलं ते मोजत बसलो होतो.

पिंपात टाकले की सगळे सारखे होतील, असं काहीतरी डोक्यात आलं. कुणाचं नाव नाही, कुणाचं काही नाही. आणि वर तुला देताना मी चांगलाही दिसेन. पाच आठवडे मशीन चाललं, खारू. कधीही बंद करता आलं असतं. दुसऱ्या दिवशी बंद करूनही अक्षर वाचलं नसतं, पण निदान तुला खरं सांगता आलं असतं.

तू आलीस तो दिवस मी विसरलेलो नाही. पांढरी ताटली, त्यात दगड, वर खिडकीचं ऊन. तुझा चेहरा आधी फुलला. मग तू एक उलटा केलास. मग दुसरा. मी चहा आणला तोवर तू सगळे उलटे केले होतेस. तू विचारलंस, "दादा, आईचं अक्षर कुठंय?" मी म्हणालो, "अगं पण चमक बघ की." हे मी बोललो. याच तोंडाने. तू पिशवी उचललीस आणि चहाला हात न लावता गेलीस. तो कप संध्याकाळपर्यंत टेबलावर होता.

आणि एक. ताटलीत चाळीस दगड होते. तू मोजले नाहीस.

एकेचाळिसावा मी पिंपात घातलाच नव्हता.

दादा


१२ मार्च

खारू,

यासोबत डबी आहे. आतला कापूस जपून काढ.

हा तो एकेचाळिसावा. कालव्याची खोदाई चालू होती तेव्हाचा. दिसायला काही नाही, मातकट, एका बाजूला जेमतेम पट्टे. पॉलिश करूनही फार काही झालं नसतं त्याचं. पाठ बघ. "बोका. अंगात ताप, तरी आला."

बारा वर्षं माझ्या हत्यारांच्या पेटीत होता, पान्ह्यांच्या खाली, मोज्यात गुंडाळून. तुझ्या वहिनीलाही माहीत नव्हतं. तुझे चाळीस पुसले आणि माझा एक लपवून ठेवला, असा तुझा भाऊ. कधी कधी काढून बघायचो, पण सुख काही लागत नव्हतं. चोरीच्या मिठाईसारखं, घाईघाईने.

नाव माझं आहे, त्याला माझा इलाज नाही. पण अक्षर आईचं आहे. जगात एवढंच उरलंय तिचं, दगडावरचं. ते तुझ्याकडे असावं. मी धुतलेला नाही, कालव्याची मातीसुद्धा तशीच आहे.

दुसऱ्या कागदावर तुझ्या दगडांवरची वाक्यं लिहिलीत, जेवढी आठवली तेवढी. सव्वीस झाली. तीन दिवस डोकं खाजवतोय, पुढे सरकत नाही. उरलेली चौदा गेली. त्याबद्दल मला माफी मागता येत नाही, कारण कशी मागायची तेच कळत नाही. चाळीसही दगड माझ्याकडे आहेत, त्याच डब्यात. ते तुझे आहेत. सांगशील तेव्हा पाठवतो.

आता पुन्हा पत्र लिहून तुला त्रास देणार नाही. मावशीला फक्त एवढं कळव की डबी पोचली.

दादा


२ एप्रिल

खारू,

आज दुपारी मी मशीनपाशी होतो. त्याच दगडांना पुन्हा मधल्या पावडरीपासून सुरुवात केलीय, झाकणाची खाच टूथब्रशने धुऊन. दारावर बेल वाजली, तुझी वहिनी गेली. ती परत येईना. मी विचारलं, "कोण आहे गं?" बाहेर येऊन बघतो तर ही दारातच उभी, हातात छोटं पार्सल, आणि रंग उडालेला. मला म्हणाली, "अहो, हे आईंनी पाठवलंय."

मी वेड्यात काढणार होतो तिला. मग पार्सल हातात घेतलं. पत्ता बघितला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला.

तू कधीपासून असं लिहायला लागलीस? शाळेत तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मास्तर वही माझ्याकडे पाठवायचे. आणि आता तेच आईचं बारीक, सरळ उभं अक्षर, ओळ संपताना किंचित वर चढणारं, बाटलीवर जागा पुरणार नाही अशा धास्तीने लिहिल्यासारखं. तुला माहीत तरी आहे का हे? की तुझ्या घरात कुणी आईचं अक्षर बघितलेलंच नाही, म्हणून तुला सांगणारं कुणी नव्हतं?

आत माझा दगड. वाटलं, परत केला, संपलं. मग चिठ्ठी सापडली. चार ओळींची चिठ्ठी मी किती वेळा वाचली ते सांगत नाही, तुझी वहिनी सांगेल. "दादा, हा परत पाठवतेय. बोक्याचा आहे, बोक्याकडेच राहू दे. तू केलंस ते मी विसरणार नाही, पण आता निदान खरं काय ते माहीत झालं. डबा पोस्टाने पाठवू नकोस, घेऊन ये. तुला सव्वीस पाठ आहेत ना? तू सांग, मी लिहिते."

गुरुवारच्या बसची तिकिटं काढली. तुझी वहिनी म्हणते ती येणारच, दोन भावंडांना एकटं सोडणं धोक्याचं आहे. तिने पांढऱ्या रंगाची बाटली, शाई आणि तीन रंगांच्या नेलपॉलिश आणून ठेवल्यात. म्हटलं, बिनरंगाची लागते. म्हणाली, "ती पण आहे, बाकीच्या माझ्या." डबा मी हातातल्या पिशवीत घेणार आहे, सामानात टाकणार नाही. खालच्या मास्तरांना मशीनवर लक्ष ठेवायला सांगितलंय. रोज एकदा झाकण तपासायचं, एवढंच काम, पण त्यांनी त्यासाठी नोंदवही सुरू केलीय.

एक विचारायचं राहिलं. उरलेल्या चौदांवर काय लिहायचं? आठवलं नाही तर मी मनाने काही रचणार नाही. पुरेसं रचून झालं माझं. तसेच कोरे ठेवू, नाहीतर तुला काही आठवलं तर तुझं लिही. तुझ्या मुलीलाही बसव आपल्यात. तिला आजी अशीच भेटेल.

आणि आम्ही आल्याबरोबर चहा टाक. कप रिकामे झाल्याशिवाय कुणीही उठायचं नाही.

बोका